लागलं का?

इंटरनेट लागत नसेल तर काय करावं, हे आमच्या घरात मोडेम सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

गोष्ट २००१ सालची. मुंबई-दिल्लीत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तिथून साताऱ्यात आमच्या दारी यायला त्याला पाच-सहा वर्षं लागली, आणि पुढे त्याची चाल बघितल्यावर ते तसं लवकरच पोचलं म्हणायचं. निमित्त झाला मेहुणा. हिचा धाकटा भाऊ न्यू जर्सीला गेला आणि दर रविवारी फोन करून आमच्या मागासलेपणाची चौकशी करू लागला. "दाजी, पत्रं कसली टाकताय अजून? मेल टाका. सेकंदात पोचते." पोचते सेकंदातच. निघायला किती वेळ लागतो, ते त्यानं सांगितलं नाही.

मग हप्त्यानं कॉम्प्युटर, शंभर तासांचं इंटरनेटचं पॅक आणि समोर लाल दिव्यांची रांग असलेला एक मोडेम असा संसार पुढच्या खोलीत मांडला गेला. मोडेमच्या खोक्यावर '५६ के' असं ठसठशीत छापलेलं होतं. दुकानदार म्हणाला, "साध्या डायल-अप मोडेमांत यापेक्षा फास्ट जगात कुठं नाही." त्यात खोटं काही नव्हतं. फक्त हे छप्पन्न हजार म्हणजे बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला फार तर सात किलोबाइट. तेही येताना, जाताना ३३.६. आणि येतानाचे छप्पन्नसुद्धा कधी, तर घर एक्सचेंजच्या जवळ असेल, तार कोरी असेल आणि मध्ये सांधे नसतील तेव्हा. आमची तार खांबावरून आंब्यावर, आंब्यावरून शेजाऱ्यांच्या गच्चीवर आणि तिथून आमच्या खिडकीच्या गजावर येई, आणि दर मुक्कामाला तिला काळ्या चिकटपट्टीचं एक बांडगूळ होतं. आमच्या पदरात पडत २८,८००. दिवस चांगला असला तर ३१,२००. "असले छप्पन्न पाहिलेत!" असं ऊठसूट म्हणणारे आमचे अण्णासुद्धा या छप्पन्नच्या बाबतीत तोंड उघडत नसत.

नेट लावणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. आधी घरात दवंडी पिटायची की आता कुणी फोनला हात लावायचा नाही. माडीवर पॅरलल फोन होता, त्याच्यापाशी आत्याला जपमाळेसह बसवायचं. चिरंजीव माउसवर. मी वायरीपाशी. ही स्वयंपाकघरातून विचारणार, "मिक्सर लावू का?" आणि आम्ही सगळे एका सुरात ओरडणार, "नको!" मग चिरंजीव 'कनेक्ट' दाबत. मोडेम टोन घेई, १७२ नं सुरू होणारा नंबर फिरवी, पलीकडून एक लांबलचक शिट्टी येई आणि त्यानंतर जे काही सुरू होई त्यानं पहिल्या दिवशी शेजारचा कुत्रा कंपाउंडवरून उडी मारून गेला तो संध्याकाळीच परतला.

वास्तविक ती दोन मोडेमांची एकमेकांची तपासणी असते. या तारेतून कुठला सूर नीट जातो, कुठला वाटेत गळतो, प्रतिध्वनी किती उठतो हे दोघं आधी चाचपून बघतात आणि मगच किती वेगानं बोलायचं ते ठरवतात. हे मला एका मासिकात वाचून कळलं. अण्णांना न वाचता कळलं. अण्णा तारखात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी कट्ट-कडकट्ट ऐकण्यात गेलेली. ते आरामखुर्चीत डोळे मिटून बसत आणि मोडेम बोंबलायला लागला की मान किंचित कलती करत.

"खरखर आली. नाही लागायचं."

लागत नसे.

"हां, आता तो ढुंईं आवाज आला बघ. लागणार."

आणि लागे! आम्ही पडद्याकडे डोळे लावून बसलेलो, आणि अण्णा डोळे न उघडता आमच्या आधी निकाल जाहीर करून मोकळे. पुढे पुढे तर चिरंजीव निम्मा आवाज ऐकून अण्णांच्या तोंडाकडे बघत आणि त्यांनी ओठ मुडपला की स्वतःच 'कॅन्सल' करत. वेळ वाचे. पहाटे शेजारपाजाऱ्यांना त्रास नको म्हणून मी एकदा सेटिंगमध्ये जाऊन 'ए टी एम शून्य' अशी आज्ञा घातली आणि मोडेमचा स्पीकर बंद केला, तर अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. "रोग्याची नाडी बघू नका म्हणतोस, आणि औषध विचारतोस?" असं हिच्याजवळ म्हणाले. मला उद्देशून.

पहाटेचं म्हणाल तर, रात्री अकराच्या आत नंबर लागणं अवघडच असे, कारण त्या वेळी साऱ्या गावाला कुणाला ना कुणाला मेल करायची असे. म्हणून आम्ही चारला उठायला लागलो. ब्राह्ममुहूर्ताला उठावं म्हणून अण्णांनी माझ्या मुंजीपासून जिवाचं रान केलं होतं. ते काम शेवटी मेहुण्याच्या मेलनं केलं.

अण्णांना कॉम्प्युटरची आणखी एक गोष्ट मनापासून आवडली, ती म्हणजे चुकांचे क्रमांक. तारखात्यात शुभेच्छांना क्रमांक असत. लग्नाला एक, परीक्षेतल्या यशाला दुसरा. गिऱ्हाइकानं आकडा सांगायचा की पलीकडे अख्खं वाक्य उमटे. इथं शुभेच्छांऐवजी नकारांना क्रमांक होते. ६८०, डायल टोन नाही. ६७६, लाइन बिझी. ६७८, पलीकडून उत्तर नाही. ६९१, नाव किंवा पासवर्ड चूक, आत प्रवेश नाही. ६२९, तुम्हाला तोडण्यात आलं आहे. अण्णांनी ही यादी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीला लावली. चिरंजीव आतून ओरडत, "सहाशे अठ्ठ्याहत्तर!" अण्णा बाहेरून, "उत्तर नाही. पुन्हा लाव." हळूहळू ते आकडे घरच्या व्यवहारात उतरले.

"अहो, जरा मंडईत जाऊन येता का?"

"सहाशे शहात्तर," मी पेपरातून.

"बरं. मग जेवायला याल तेव्हा सहाशे एक्क्याण्णव."

मी पिशवी घेऊन निघालो.

यातला ६८० सगळ्यात चीड आणणारा. फोन उचलला की डायल टोन खणखणीत ऐकू येतोय, आणि मोडेम म्हणतोय टोन नाही! चिरंजीवांनी मला ऐकवला, मी हिला ऐकवला, हिनं आत्याला ऐकवला. सर्वानुमते टोन होता. शेवटी हिनं रिसीव्हर मोडेमच्या अंगाला टेकवला आणि म्हणाली, "हा घे. ऐक. बहिरा आहेस का?" आता कळतं की तो बहिरा नव्हता, परका होता. आपला टोन ४०० हर्ट्झचा आणि २५ हर्ट्झनं थरथरणारा. अमेरिकेतला ३५० आणि ४४० यांची जोडी. अमेरिकी टोनवर ज्याचे कान तयार झालेत त्याला आपला टोन हा टोनच वाटायचा नाही. उपाय एवढाच की 'टोनची वाट बघू नकोस, मुकाट नंबर फिरव' अशी खूण सेटिंगमध्ये करायची. एक टिचकी मारायचं काम. पण ती टिचकी कुठं मारायची ते लिहिलेलं असे मोडेमच्या कंपनीच्या वेबसाइटवर, आणि वेबसाइट बघायला लागे नेट.

हा न्याय सगळीकडेच होता. मोडेमचा नवा ड्रायव्हर कुठे मिळेल, तर नेटवर. मदतीची पानं कुठे, नेटवर. कॉम्प्युटरमधला मदतनीसही प्रश्नावर प्रश्न विचारून शेवटी म्हणे की समस्या सुटली नसल्यास अधिक माहितीसाठी इंटरनेटला जोडून घ्या.

मग आम्ही आमचे उपाय काढले. मोडेममध्ये फोनची वायर जिथं घुसते, तिथल्या प्लगची पारदर्शक खिटी पहिल्याच आठवड्यात मोडली. तिच्याशिवाय तो प्लग खोबणीत बसे पण टिके ना. जरा धक्का लागला की सुटला. त्या फटीत मी आगपेटीची काडी खोचली. अख्खी नव्हे, गूल काढून, नखानं उभी चिरून, अर्धी. पूर्ण काडीनं प्लग वर उचलला जाई आणि आतल्या पितळी तारा टेकत नसत. चिरलेलीनं बेताचा दाब पडे. ती उजवीकडून खोचायची, आणि मागचं टोक मोडेमच्या कडेला टेकलेलं हवं. ही विद्या मी कुणाला दिली नाही. कामवाल्या बाईंनी एकदा फडकं मारताना ती कचरा समजून काढली, तेव्हा घरात जो प्रसंग ओढवला त्याची वर्णनं त्या अजून बाकीच्या घरांत करतात म्हणे.

पण काडी हा फक्त माझा सिद्धांत. हिचा सिद्धांत मिक्सरचा. आत्याचा सिद्धांत असा की कॉम्प्युटर आग्नेयेला तोंड करून ठेवलाय तिथंच सगळं चुकलं. चिरंजीवांच्या मते मोडेम तापतो. म्हणून त्यांनी त्याच्याखाली चार वाट्या पालथ्या घालून वर टेबलफॅन सोडला होता. रोजचा प्रयोग फसला की प्रत्येक जण काहीतरी हलवी, आणि कधीतरी नेट लागे. लागलं की ज्यानं शेवटचा हात लावला त्याचं शास्त्र सिद्ध! सचिन खेळत असताना आपण जिथं बसलो तिथून उठायचं नाही, तसा मग घरभर संचारबंदीचा अंमल. एकदा आत्या ट्रंकेवर बसलेली असताना ३१,२०० लागले. बिचारीला नंतर महिनाभर सोफा मिळाला नाही.

समोरच्या बंगल्यात एक निवृत्त प्राचार्य राहत. त्यांच्याकडे नेट आलं आणि आमच्या घराची झोप उडाली. संध्याकाळी फाटकावर भेटले की विचारायचे, "काय हो, तुमच्याकडे कितीनं लागतं?"

"एकतीस हजार दोनशे," मी शक्य तेवढ्या ताठ मानेनं.

"असं? आमच्याकडे एक लाख पंधरा हजार दोनशे." आणि मग सांत्वन केल्यासारखं, "होईल, होईल तुमचंही."

हिनं तो आकडा फार मनाला लावून घेतला. एकाच खांबावरून दोन तारा निघतात आणि त्यांना लाखाच्या वर अन् आम्हाला एकतीस? माणसाची पोच लागते, असं ती कुकरला उद्देशून म्हणाली. खरी गंमत आमच्या कॉम्प्युटरवाल्या सरांनी फोडली. एक लाख पंधरा हजार दोनशे हा प्राचार्यांचा कॉम्प्युटर आपल्या मोडेमशी जितक्या वेगानं बोलतो तो आकडा. म्हणजे टेबलावरच्या टेबलावर, हातभर वायरीतला. मोडेम पुढे जगाशी कितीनं बोलतो ते वेगळंच. सरांनी प्रामाणिकपणे प्राचार्यांकडे जाऊन सेटिंगच्या ओळीत 'डब्ल्यू दोन' अशी दोन अक्षरं वाढवली, की पडद्यावर तारेवरचा खरा वेग दिसावा. दिसला. २६,४००. प्राचार्यांनी सरांना सांगितलं, तुम्ही माझा वेग घालवलात, आणि पुन्हा त्यांना घरात घेतलं नाही. दुसऱ्या कुणाकडून ती अक्षरं काढून घेतली आणि सुखानं पुन्हा लाखावर गेले. त्यांचा जीव शांत झाला. आमच्या घरात मात्र त्या संध्याकाळी शिरा झाला होता.

हे सर म्हणजे राजवाड्याजवळ कॉम्प्युटरचे क्लास घेणारा एक काटकुळा मुलगा. वयानं चिरंजीवांच्या जवळपास, पण कॉम्प्युटर शिकवतो म्हणून साऱ्या गावाचा सर. नेट लागत नाही म्हटलं की तो येई, खुर्ची पुढे ओढी, कळपट्टीवर काहीतरी खडखडवी आणि म्हणे, "काका, फॉरमॅट मारावा लागेल." माउस अडकतो? फॉरमॅट. आवाज येत नाही? फॉरमॅट. एकदा आमच्या हिनं पाठदुखीचं बोलून दाखवलं तर त्यानं क्षणभर विचार केला, असं मला दिसलं. फॉरमॅट झाल्यावर सगळं स्वच्छ होई. आधीची पत्रं, फोटो, अण्णांनी टाइप करून ठेवलेली अर्धी वंशावळ, सगळंच. आणि नेट लागत नसेच. मग सर उठत आणि जाताना म्हणत, "माझ्याकडून क्लिअर आहे काका. लाइनमध्ये फॉल्ट असणार."

लाइनसाठी लाइनमनमामा. कमरेला टेस्टिंगचा फोन, खांद्यावर शिडी. ते आधी खांबावर चढून डबी उघडत, मग दारातल्या रोझेटला आपल्या फोनचे चिमटे लावून कुणाशीतरी "हॅलो, टेस्टिंग, काय कसं काय, भुईमूग काढला का?" असं मिनिटभर बोलत. फोन ठेवून म्हणत, "लाइन एकदम क्लिअर आहे साहेब. सासवडची बहीण समोर बसल्यासारखी बोलतीय. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बघा." बहिणीचं बोलणं आणि मोडेमचं बोलणं यात फरक आहे, बहीण खरखरीतून अर्थ लावून घेते, मोडेमला प्रत्येक बिट हवा असतो. हे त्यांना समजावण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. पावसाळ्यात जमिनीतल्या केबलच्या सांध्यात पाणी शिरलं की तर मामा स्वतःच सांगत, "आता दिवाळीपर्यंत काय बोलू नका."

तिसरे कंपनीचे मदतवाले. ती कंपनी परगावची होती आणि तिचा मदतीचा फोन होता, एवढंच सांगतो. अडचण अशी की आमच्याकडे लाइन एकच. ज्या लाइनचं दुखणं सांगायचं, तिच्यावरूनच बोलायचं.

"सर, मोडेम बंद करून चालू करा."

"केला."

"आता कनेक्ट करून बघा."

"त्यासाठी हा फोन ठेवावा लागेल."

"ठेवा ना सर. नाही लागलं तर पुन्हा फोन करा."

ठेवला. नाही लागलं. पुन्हा फोन केला. बऱ्याच वेळानं उचलला. दुसराच मुलगा. मी त्याला सगळी हकिकत सांगितली; त्यानं ती फार सहानुभूतीनं ऐकून घेतली.

"सर, असं करा. आधी मोडेम बंद करून चालू करा."

तर अशी ही तीन पीठं. सरांच्या मते लाइन, मामांच्या मते कॉम्प्युटर, कंपनीच्या मते दोन्ही. तिघांपैकी कुणीही कधी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं, पण मतभेद कट्टर.

याच धामधुमीत आत्याच्या नातीच्या स्थळाचा फोटो आला. मुलगा सॅन होजेला, मेहुण्याच्या ओळखीतला. मेहुण्यानं तो फोटो अगदी बारीक तपशिलासह स्कॅन करून पाठवला, कारण त्याच्याकडे जागा आणि वेग दोन्ही फुकट होतं. दोन मेगाबाइट! आमच्या चालीनं दहा-बारा मिनिटांचा ऐवज, आणि तो यायचा वरून खाली, पट्टीपट्टीनं. बघायला घरचे, आत्याकडचे, शिवाय प्राचार्यांच्या सौभाग्यवती. पोह्यांच्या बशा हातात.

पहिल्यांदा आकाश आलं. बराच वेळ आकाशच येत होतं.

"हवा छान दिसतेय तिकडची," कुणीतरी म्हणालं.

मग एक तांबडा खांब. "पूल आहे तिथला प्रसिद्ध," चिरंजीव म्हणाले. "पुलावर कशाला उभं राहायचं? घर नाही का त्याला?" आत्यानं शंका काढली. मग काळं काहीतरी दिसू लागलं आणि खोलीत सुटकेचा निःश्वास पडला. केस होते. पुढच्या पट्टीला कपाळ. आणखी एका पट्टीला आणखी कपाळ.

"कपाळ भव्य आहे. बुद्धिमान असणार."

"भव्य आहे की मागं सरकलंय?"

"अहो, केस वाऱ्यानं उडालेत. पुलावर वारा असतो."

कपाळ संपेना. अखेर भुवया आल्या. जाड होत्या आणि मध्ये जुळलेल्या होत्या. प्राचार्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या की जुळलेल्या भुवयांची माणसं हेकट असतात, त्यांच्या सासऱ्यांच्या तशाच होत्या. आत्या म्हणाली, भाग्याच्या असतात. वाद रंगात आला, चष्म्याची वरची कड दिसायला लागली, आणि मोडेमवरचे दोन दिवे टपकन विझले. ६२९.

माडीवरचा फोन कुणीतरी उचलला होता. पहारेकरीण आत्या तर खाली पोहे खात होती. वर गेलो तर साक्षात नवरी मुलगी रिसीव्हर हातात घेऊन उभी. "मला वाटलं, झाला असेल बघून," ती म्हणाली. पुन्हा नेट लागलं नाही. अण्णांनी मान कलती करून तीनही वेळा ओठ मुडपला. शेवटी उपलब्ध पुराव्यावर, म्हणजे आकाश, खांब, कपाळ आणि भुवया यांवर चर्चा होऊन स्थळाला नकार कळवायचं ठरलं. अण्णांनी तो मेल लिहिला. त्यांचे मेल तारेच्याच भाषेत असत, शब्दाला पैसे पडल्यासारखे: "फोटो अर्धा पोचला. अर्ध्यावर नकार. पत्र मागाहून." मुलीनं माडीवरून फोन लावायला घेतला होता तो कराडला, हे मात्र आम्हाला पुढच्या वर्षी पत्रिका छापताना कळलं. जावई चांगले आहेत. भुवया सुट्या आहेत.

एवढं झाल्यावर मी ठरवलं, की सर आणि मामा यांना एकाच दिवशी, एकाच वेळी बोलवायचं आणि कंपनीवाल्याला शेजारच्या दुकानातल्या फोनवर धरून ठेवायचं. चिरंजीवांना दुकानात उभं केलं. सर खुर्चीत, मामा रोझेटपाशी, मी काडीपाशी. दुकानातून निरोप आला, "ते म्हणतायत, मोडेम बंद करून चालू करा." केला. सरांनी 'कनेक्ट' दाबलं. अण्णा खुर्चीत ताठ झाले. शिट्टी आली, खरखर आली नाही, दोनदा ढुंईं वाजलं, आणि पडद्यावर आकडा उमटला: ४४,०००.

असला आकडा त्या घरानं पाहिला नव्हता. मामांनी सरांकडे बघितलं, सरांनी मामांकडे. "मी म्हणलं नव्हतं? लाइन क्लिअर आहे." "काका, मी म्हटलं नव्हतं? मशीन क्लिअर आहे." चिरंजीव धावत आले: "ते म्हणतायत, आमच्याकडून आधीपासूनच क्लिअर होतं." मग तिघांचं कौतुक झालं. दोघांना चहा झाला, कांदेपोहे झाले, मामांनी सरांना आपल्या मुलाच्या क्लासच्या फीबद्दल विचारलं, सरांनी मामांना नव्या कनेक्शनचं कसं होतं ते विचारलं. एकमेकांबद्दल त्यांचा फार चांगला ग्रह झाला. मेहुण्याची साचलेली पत्रं धो धो उतरत होती. त्यांना फाटकापर्यंत पोचवून मी परत आलो, तर चिरंजीव दारात उभे.

"सहाशे एकोणतीस."

"मामांना हाक मार!"

मामांची सायकल पोवई नाक्याकडे वळलेली होती.

पुढे ब्रॉडबँड आलं. २५६ केच्या खाली त्याला ब्रॉडबँड म्हणायचंच नाही, असं २००४ च्या सरकारी धोरणातच लिहिलेलं. त्यामुळे घरात मोठ्या अपेक्षा होत्या. मामाच लावायला आले. रोझेटला एक पांढरी डबी जोडली आणि म्हणाले, आता फोन आणि नेट एकदम चालणार, कुणाचं कुणावाचून अडणार नाही. आत्याची माडीवरची नेमणूक संपली. तिला ते फारसं रुचलं नाही. काडीचंही काम उरलं नाही, कारण नव्या प्लगची खिटी शाबूत होती. अण्णांनी सगळी जोडणी होईस्तोवर वाट पाहिली आणि विचारलं, "आवाज कधी येणार?"

"याला आवाज नसतो अण्णा. दिवा बघायचा. हा स्थिर राहिला की लागलं."

"आवाज नाही, तर बिघडलं कुठं ते कळणार कसं?"

"हे बिघडत नाही," मामा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दिवा लुकलुकायला लागला. मामा आले, चिमटे लावून सासवडला बोलले, आणि लाइन क्लिअर निघाली. सर आले, मशीन क्लिअर निघालं. फॉरमॅट मारायचा का, असं विचारून गेले. उरला मदतीचा फोन. आता मात्र सोय झाली होती, फोन ठेवायची गरज नव्हती. मी लावला. कुणीतरी उचलला, मोडेम बंद करून चालू करायला सांगितला आणि "सर, होल्डवर राहा" म्हणून बासरी लावून दिली. बासरी वाजत राहिली. माझा कान दुखायला लागला, चहा गार झाला, चिरंजीव क्लासला जाऊन परत आले. अण्णांनी हात पुढे केला. रिसीव्हर कानाला लावून ते खुर्चीत मागे रेलले, डोळे मिटले, मान किंचित कलती केली. बासरीचं एक आवर्तन पूर्ण ऐकून घेतलं आणि रिसीव्हर माझ्या हातात परत दिला.

"ठेवून दे. सहाशे अठ्ठ्याहत्तर."